हिराबाईंच्या कातळावरचे चार दिवस

मी एकतीस वर्षं बार्शीजवळच्या एका शाळेत भूगोल शिकवला. ‘पृथ्वीचे अंतरंग’ हा धडा इतक्यांदा शिकवला की कवच, प्रावरण आणि गाभा यांची वर्तुळं मी डोळे मिटून फळ्यावर काढली असती. निवृत्त झाल्यावर एका दुपारी मनात आलं, की हजारो किलोमीटर खोल काय आहे ते माणसाला कळलं तरी कसं? तिथं तर कोणी गेलेलं नाही. हे मी एकाही मुलाला नीट सांगितलं नव्हतं, कारण मलाच ते धड माहीत नव्हतं.

माझी भाची ऋजुता पुण्यात भूकंपांचा अभ्यास करते. तिला फोन केला तर ती हसली. म्हणाली, “आत्या, फोनवर नाही सांगता येणार. पुढच्या आठवड्यात मी शहापूरकडे चाललेय, तू ये. चार दिवसांचं काम आहे. चालायचे बूट आण.”

बूट माझ्याकडे नव्हते. मुलाचे जुने घेतले, पुढे कापूस कोंबला आणि निघाले.

खर्डी, पहिला दिवस

खर्डीला उतरले तेव्हा भातं कापून झाली होती. आमच्याकडे या दिवसांत काळ्या रानात ज्वारी हातभर होते आणि नजर जाईल तिथवर जमीन सपाट. इथं एक शेत दुसऱ्याच्या वर चढलेलं, मध्ये बांध, बांधावर भाताचे भारे आणि मागे लगेच जंगल. डोंगर इतके जवळ की मान वर करावी लागते.

ऋजुता स्टेशनबाहेर जीप घेऊन उभी होती. जीप संतोषची. तो खर्डीचाच, तिशीतला, बोलका. ऋजुताने मला आधी भातसानगरच्या धरणावर नेलं. धरण भरलेलं होतं. भिंतीजवळ ड्युटी संपवून निघालेले एक कर्मचारी भेटले. ते कौतुकाने म्हणाले, “हे सगळं मुंबईला जातंय बाई. नळ सोडणाऱ्याला काय माहीत, पाणी कुठून आलं!”

“एवढ्या पाण्याचं वजन खालच्या खडकावर पडतं,” ऋजुता मला म्हणाली. “पाणी वाढतं, उतरतं, भेगांमध्ये झिरपतं. या भागात अधूनमधून बारीक धक्के बसतात. बहुतेक कोणाला कळतही नाहीत. ते का बसतात, किती खोल, हे ऐकायला आम्ही जागोजाग यंत्रं बसवली आहेत.”

त्यातलंच एक यंत्र काढून न्यायला ती आली होती. ते खर्डीपासून अर्ध्या तासावरच्या एका वाडीत, हिराबाई आणि चंदरभाऊ या शेतकरी जोडप्याच्या घरामागे होतं. वर्षभर त्याने उत्तम काम केलं. पण दसऱ्यानंतर त्याच्या नोंदींत रोज पहाटे चाळीसेक मिनिटं धडधड दिसू लागली. त्या वेळात एखादा बारीक भूकंप आला तर ओळखूच यायचा नाही. तिच्या सरांनी सांगितलं होतं, कारण सापडत नसेल तर यंत्र उचला.

“चंदरभाऊ टेकडीवर रेंजमध्ये आले की फोनवर दहादा विचारलं. पंप आहे का, गिरणी आहे का, जनरेटर आहे का. ते म्हणतात, इथं कायबी मशीन नाय.”

आम्ही वाडीत पोहोचलो तेव्हा चंदरभाऊ ओल्या फडक्याने सौर पॅनेल पुसत होते. साठीचे, काटक, कमरेला कोयता. हिराबाई पन्नाशीच्या पुढच्या. त्यांनी आधी आमच्या पायांवर पाणी घातलं आणि मगच आत घेतलं. ऋजुता त्यांना मावशी म्हणत होती.

यंत्र बघून मी जरा हिरमुसले. कमरेइतका खड्डा, तळाशी थेट कातळावर बसवलेला सिमेंटचा ओटा आणि त्यावर पातेल्याएवढा एक धातूचा डबा. ऋजुताने समजावलं, की आत एक वजन असं बसवलेलं असतं, की जमीन हलली तरी ते जागच्या जागी राहायला बघतं. जमीन किती हलली आणि वजन किती मागे राहिलं, एवढाच फरक मोजायचा. केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी हालचाल त्याला कळते.

“वर्ष झाला, आमी याला सांभाळतो,” चंदरभाऊ म्हणाले. “कोंबडी पण वर बसू देत नाय. आता नेणार म्हणता, तर बरा नाय वाटत.”

 हिराबाईंनी जेवायला वाढलं. नव्या तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, वालाची आमटी. आमच्याकडे ज्वारीची भाकरी कोरड्या पिठावर थापतात. इथं उकड काढून, हात पाण्यात बुडवून थापतात आणि भाकरी पांढरीशुभ्र, रुमालासारखी मऊ होते. सुकटीचा वास मला सवयीचा नाही. पहिला घास भीत भीत घेतला आणि चटणी तीनदा मागून घेतली.

दुसरा दिवस: भूकंप सापडतो

पहाटे जाग आली ती पाठीखालच्या जमिनीने. धप्प. धप्प. धप्प. सतरंजीतून बरगड्यांना कळत होतं.

इथं एक सांगायला हवं. आमच्या भागात तो मोठा भूकंप झाला तेव्हा मी नोकरीला नुकतीच लागले होते. नंतर कित्येक महिने आमची आख्खी आळी बाहेर झोपायची. त्या गोष्टीला इतकी वर्षं झाली, तरी पलंग जरा हलला की माझे पाय माझ्याआधी उठतात.

तसेच उठले. “भूकंप! ऋजू, बाहेर पळ!” असं ओरडत मी एका पायात मुलाचा बूट आणि दुसऱ्या पायात काहीच नाही अशा थाटात मागच्या दाराने अंगणात आले.

अंगणापलीकडे उघड्या कातळात एक उखळ कोरलेलं होतं. त्याच्या एका बाजूला हिराबाई, दुसऱ्या बाजूला शेजारच्या बारकीकाकू. एकीचं मुसळ वर, दुसरीचं खाली. तांदूळ सडणं चाललं होतं. मला बघून दोन्ही मुसळं हवेतच थांबली.

“काय झाला बाई? विंचू चावला का?”

मी काय झालं ते सांगितलं. बारकीकाकू हसत हसत खालीच बसल्या. चंदरभाऊ हसले. माझ्यामागून धावत आलेली ऋजुताही हसली आणि मग हसता हसता थांबली. तिने घड्याळात पाहिलं, मग उखळाकडे, मग पंचवीस पावलांवरच्या यंत्राच्या झाकणाकडे.

“मावशी, हे रोज असतं?”

“रोजच. नवा भात आला तवापासून. कल्याणच्या बिल्डिंगीतल्या बायांना हातसडीचा तांदूळ पायजे. आमच्या सात घरांच्या गटाला ऑर्डर हाय.”

“पण मी यंत्र बसवलं तेव्हा इथं उखळ नव्हतं!”

“होता की. वर लाकडा रचली होती.”

“भाऊ, मी तुम्हाला दहादा विचारलं!”

चंदरभाऊ शांतपणे म्हणाले, “तू मशीन विचारलीस. उखळ मशीन हाय का?”

 यंत्र आणि उखळ एकाच अखंड कातळावर होती. मुसळाचा प्रत्येक घाव त्या दगडातून थेट यंत्रापर्यंत जात होता.

हिराबाईंनी मुसळ भिंतीला टेकवलं. “म्हणजे भूकंप मीच,” त्या म्हणाल्या. आता त्या हसत नव्हत्या. “मग बंद करते मी. यंत्र नको नेऊस, गो.”

“नाही मावशी. तुमचं काम कशाला बंद? सात घरांची ऑर्डर आहे. त्यापेक्षा मी यंत्रासाठी दुसरी जागा बघते.”

दोघीही एकमेकींसाठी माघार घेत होत्या आणि दोघींचेही चेहरे उतरले होते.

मुरबाड, वैशाखरे आणि घाट

नवी जागा बघायला आम्ही त्याच दिवशी मुरबाडकडे निघालो. मुरबाडला चहा घेतला, भजी खाल्ली आणि माळशेजच्या रस्त्याला लागलो. वैशाखरे आलं तसे समोर डोंगरांचे कडे उभे राहिले. ऋजुताने बरोबर चाचणीचं एक छोटं यंत्र आणलं होतं. गावाबाहेर एका देवळामागे चांगला खडक सापडला, त्यावर तिने ते तासभर ठेवलं.

तेवढ्या वेळात आम्ही घाट चढून वर गेलो. मी वर्गात किती वेळा म्हटलं असेल, ‘दख्खनचे पठार लाव्हारसाच्या थरांपासून बनलेले आहे.’ त्या दिवशी ते थर माझ्यासमोर होते. एक थर, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा, पायऱ्यांसारखे थेट आभाळापर्यंत. पावसाळ्यातले धबधबे आता दोरीएवढे उरले होते, त्यामुळे दगड स्वच्छ दिसत होता.

“दोन थरांमधली ही तांबडी पट्टी बघ,” ऋजुता म्हणाली. “एक लाव्हा आला, थंड झाला. मग बराच काळ काहीच आलं नाही. ऊन-पावसाने वरचा दगड झिजला, माती झाली. मग दुसरा लाव्हा वरून आला आणि त्याने ती माती भाजून काढली.”

मी पट्टीला हात लावला. बोटं विटेसारखी लाल झाली. मी पदराला पुसली नाहीत, थोडा वेळ तशीच ठेवली. वरच्या दगडात बारीक पोकळ्या होत्या. वितळलेल्या दगडातले वायूचे बुडबुडे! काहींत पांढरे स्फटिक चमकत होते. ऋजुताने हातोडीने सहा तुकडे काढले, प्रत्येकावर आकडा घातला, वहीत जागा लिहिली आणि पिशवी जीपच्या मागे ठेवली.

थोडं फिरून जीपपाशी आलो आणि पिशवी उघडली तर आत चारच. आम्ही संतोषला विचारलं.

“ते होय? चढावर गाडी लावली ना, तर दोन चाकांखाली लावले,” तो अभिमानाने म्हणाला. “लय चांगले दगड. जरा पण सरकली नाय गाडी.”

तीन क्रमांकाचा नमुना मागच्या डाव्या चाकाखाली सापडला, पाच क्रमांकाचा उजव्या. पाचावरचा आकडा टायरने पुसला होता. ऋजुताने दोन मिनिटं डोकं धरलं आणि मग वहीत तसं प्रामाणिकपणे लिहून टाकलं.

वैशाखऱ्याच्या देवळामागे मात्र निराशा झाली. घाटातून भाजीचे ट्रक उतरत होते आणि प्रत्येक ट्रक लॅपटॉपच्या पडद्यावर उमटत होता.

“खडक चांगला असून उपयोग काय,” ऋजुता म्हणाली. “चांगला खडक सगळंच पोहोचवतो. मऊ माती असती तर अर्धं गिळून टाकलं असतं.”

मी चणे खात होते. तोंडातला घास तसाच ठेवून मी म्हटलं, “मग यंत्र कशाला हलवतेस? उखळ हलव.”

“कातळात कोरलेलं उखळ?”

“ते राहू दे तिथंच. लाकडी उखळ नसतं का कोणाकडे? ते मातीत ठेवायचं.”

ऋजुताने माझ्याकडे पाहिलं. लहानपणी मी तिला पाढे विचारायची आणि उत्तर बरोबर आलं की मी जसं पाहत असे, अगदी तसं.

तिसरा दिवस: सगळी वाडी प्रयोगाला

बारकीकाकूंच्या माळ्यावर सासूच्या वेळचं लाकडी उखळ निघालं. संतोष आणि चंदरभाऊंनी ते खाली उतरवलं. बातमी पसरली आणि गटातल्या सगळ्या बाया जमल्या.

योजना सोपी होती. उखळ वेगवेगळ्या जागी ठेवायचं, प्रत्येक जागी पन्नास घाव घालायचे आणि ऋजुताने पडद्यावर बघायचं. दर वेळी ओरडावं लागू नये म्हणून मधल्या बांधावर मी. ऋजुताने हात वर केला की मी पदर हलवायचा, मग मुसळ सुरू.

पहिली जागा सारवलेलं अंगण. पडद्यावर धडधड थोडी कमी झाली. दुसरी जागा खळं. तिथं तर उलट वाढली, कारण मातीखाली वीतभरावर कातळच होता. तिसरी जागा आंब्याखाली. तिथं बारकीकाकू दमल्या आणि त्यांच्या जागी एक तरणी सून पुढे झाली. तिने मुसळ उचललं तोच हिराबाईंनी तिचा हात धरला.

“तू नको गो. तुजा हात जड. मग कसा कळंल, जागेमुळं झाला का हातामुळं झाला?”

मी धावत जाऊन हे ऋजुताला सांगितलं. ती लॅपटॉप ठेवून उठली, आंब्यापर्यंत आली आणि हिराबाईंना म्हणाली, “मावशी, हे समजायला आम्हाला कॉलेजात वर्ष घालवावं लागतं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बाकी सगळं तसंच ठेवायचं.”

“त्यात काय कॉलेज? भाजी खारट झाली तर आमी पण तसाच बघतो. मीठ जास्ती का पाणी कमी.”

चौथी जागा ओहोळापलीकडची. तिथल्या शेतात खोल, मऊ माती होती. निरोप्याचं काम करायला मलाही ओहोळ ओलांडावा लागणार होता. मी दगडावर पाय ठेवला, मुलाचा बूट एकीकडे गेला, मी दुसरीकडे आणि घोटाभर पाण्यात ऐसपैस बसले. तीन बायांनी मला उचललं. लागलं काही नाही. बूट चंदरभाऊंनी खालच्या बांधावरून आणून दिला.

पलीकडे उखळाखाली आधी नुसती माती ठेवून पाहिली, मग पेंढ्याचा जाड थर घालून. मी ओल्या पदराने खूण केली. पन्नास घाव पडले. ऋजुताकडून काहीच खूण येईना. मी पुन्हा पदर हलवला. ती यंत्रापाशी उभी राहून ओरडली, “अगं, सुरू करा ना!”

“झाले की पन्नास!” आम्ही सगळ्या एकदम ओरडलो.

तिने वाकून पडदा पाहिला आणि जागच्या जागी उडी मारली. रेघ सरळ होती.

संध्याकाळपर्यंत चंदरभाऊंनी उखळावर छोटा मांडव घालायला कारवीच्या काठ्या तोडून आणल्या. रोज ओहोळ ओलांडावा लागेल याचं मला वाईट वाटत होतं. हिराबाई म्हणाल्या, “बरा झाला उलट. तिथं गाणी म्हटली तर घरातली माणसा वरडणार नाय.”

चौथा दिवस

पहाटे ओहोळापलीकडून गाणं ऐकू येत होतं, जमिनीतून मात्र काही नाही. नाश्त्याला नाचणीची भाकरी आणि गूळ होता. दहाच्या सुमारास ऋजुता शेवटचं तपासायला यंत्रापाशी बसली. मी आणि हिराबाई शेजारी कातळावर पापड वाळत घालत होतो. संतोष सामान भरत होता.

“आत्या,” ऋजुता हळूच म्हणाली, “इकडे ये.”

सरळ रेघेला कंप सुटला होता. बारीक, घट्ट, थरथरता. मी आधी ओहोळाकडे पाहिलं. मुसळं कधीच थांबली होती.

“हे इथलं नाही. कुठंतरी खूप लांब मोठा भूकंप झालाय. ही पहिली लहर, सगळ्यांत वेगवान. पृथ्वीच्या पोटातून आली आहे. दुसरी हळू चालते, मागून येईल. दोघींत किती मिनिटं जातात ते मोजलं की भूकंप किती लांब झाला ते कळतं. अशीच कितीतरी ठिकाणांहून मोजून माणसाने पृथ्वीचं पोट ओळखलं. ही दुसरी लहर द्रवातून जात नाही. पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला ती पोहोचतच नाही, म्हणून तर कळलं की मधे वितळलेला गाभा आहे.”

माझा धडा! एकतीस वर्षांचा माझा धडा त्या रेघेत थरथरत होता. मला आनंदाने काही सुचेना.

हिराबाई पापड हातात धरून उभ्या होत्या. त्यांनी एकच विचारलं. “मोठा भूकंप झाला म्हणतेस. मग तिथली माणसा?”

ऋजुताचा चेहरा बदलला. माझाही. आम्हा दोघींच्या मनात ते आधी आलं नव्हतं, हे मी इथं लपवणार नाही.

“माहीत नाही मावशी. फोनला रेंज नाही.”

“टेकडीवर हाय रेंज. जा, बघून ये.”

ऋजुता पळत निघाली. जाताना मला म्हणाली, “दुसरी लहर आली की वेळ लिही.” मी घड्याळ काढून पडद्यासमोर बसले. हिराबाई मात्र पडद्याकडे पाठ करून बसल्या. चंदरभाऊ आले, हिराबाईंनी त्यांना हलक्या आवाजात सांगितलं, मग तेही शेजारी तसेच बसले. मला बार्शीतली ती अंगणातली अंथरुणं दिसत होती. पहिल्या कंपानंतर दहा मिनिटं आणि थोडे सेकंद झाले तेव्हा रेघ एकदम रुंद, मोठी झाली. दुसरी लहर. मी वेळ लिहिली. आकडा पुन्हा एकदा घड्याळाशी ताडून पाहिला.

ऋजुता टेकडीवरून उतरताना दिसली. खाली येण्याआधीच ती दोन्ही हात हलवत होती.

“समुद्रात! भर समुद्रात झालाय! जवळपास वस्तीच नाही. लाटेचाही धोका नाही, तसं कळवलंय. सगळे सुखरूप आहेत, मावशी!”

हिराबाईंनी डोळे मिटून हात जोडले. मग वळल्या आणि पडद्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. “हां. आता दाखव मला,” म्हणाल्या.

ऋजुताने माझी वेळ बघून तिच्या तक्त्यात बोट फिरवलं. साडेनऊ हजार किलोमीटरांच्या आसपास. टेकडीवर वाचलेल्या जागेशी ते जुळत होतं. तिने मला घट्ट मिठी मारली. मग म्हणाली, “आणि अजून संपलं नाही. सगळ्यांत मोठ्या लहरी पृथ्वीच्या पाठीवरून येतात, रमतगमत. थोड्या वेळात इथं पोहोचतील. बोलवा सगळ्यांना.”

चंदरभाऊंनी हाका मारल्या. बारकीकाकू आल्या, ती जड हाताची सून आली, गाडीत बसलेला संतोषही उतरून आला. चहा झाला. कोणी मोठ्याने बोलेना, कारण ऋजुताने पाय आपटायलाही बंदी केली होती. चंदरभाऊंनी एक कोंबडी उचलून मांडीवर घेतली.

आणि त्या आल्या. रेघ सावकाश वर चढली, सावकाश उतरली. पुन्हा चढली. बाळाचा पाळणा हलवावा तशी, एकेका हेलकाव्याला वीस-वीस सेकंद. वर डोंगर, मध्ये शेतं, खाली कातळ आणि त्यावर आम्ही, कप हातात धरून सगळेच त्याबरोबर वरखाली होत होतो आणि कपातला चहा जरासुद्धा हिंदकळत नव्हता.

हिराबाईंनी कातळावर तळहात टेकवला. बराच वेळ तसाच ठेवला.

“लागतंय काही?” मी कुजबुजले.

“कायबी नाय,” त्या म्हणाल्या. मग माझा हात ओढून त्यांनी आपल्या हाताशेजारी दगडावर ठेवला. ऊन लागून कातळ कोमट झाला होता. आम्ही दोघी तशाच बसून राहिलो आणि पडद्यावरची रेघ वर जात होती, खाली येत होती.